हवा, पाणी आणि वीज एवढ्यावर जंतुनाशक तयार होतं? समजून घ्या 'प्लाझ्मा पाण्या'मागचं विज्ञान

मार्च २०२० चा शेवट. लॉकडाऊनमुळे गावाकडे निघालेले मजूर उत्तर प्रदेशातल्या बरेलीत पोहोचले होते. त्यांना रस्त्यावर बसायला सांगितलं आणि पाईपने त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट मिसळलेलं पाणी मारलं. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. डोळ्यांची आग होत असल्याच्या तक्रारी आल्या, व्हिडिओ देशभर फिरला आणि लोक संतापले. पुढे १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावं लागलं की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्याने उपयोग होत नाही आणि इजा होऊ शकते.

ते रसायन मुळात माणसांसाठी नव्हतंच, ते फरशीसाठी होतं. पण ज्यांना रोज त्याच रसायनाने फरशी पुसावी लागते त्यांचं काय? हॉस्पिटलच्या वॉर्डात दिवसातून अनेकदा लादी पुसणाऱ्या मावशी आणि मामांच्या हाताची कातडी सोलवटते, बंद खोलीत त्या वासाने घसा धरतो. शिवाय हे रसायन कारखान्यातून आणावं लागतं, जपून साठवावं लागतं आणि मोजून पातळ करावं लागतं.

म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळा एका वेगळ्या पर्यायावर काम करतायत. साधं पाणी घ्यायचं, त्याला हवेतून पेटवलेल्या विजेचा संपर्क द्यायचा आणि तेच पाणी जंतुनाशक म्हणून वापरायचं. त्याला 'प्लाझ्मा ॲक्टिव्हेटेड वॉटर' म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला प्लाझ्मा पाणी म्हणू.

ऐकायला जादू वाटते. पण यात खरं किती आहे आणि अडतंय कुठे?

प्लाझ्मा म्हणजे रक्तातला तो का?

नाही. कोरोनाच्या काळात 'प्लाझ्मा डोनर हवाय' असे मेसेज प्रत्येकाने फॉरवर्ड केले होते. तो प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव. इथला प्लाझ्मा हा पदार्थाचा चौथा प्रकार आहे.

शाळेत आपण स्थायू, द्रव आणि वायू शिकलो. वायूला आणखी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूतून वीज वाहू लागते. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य हा प्लाझ्माचा गोळा आहे. आकाशात कडाडणारी वीज प्लाझ्मा आहे. तुमच्या घरात अजून जुनी ट्यूबलाईट असेल तर तिच्या आतही प्लाझ्माच आहे. 'प्लाझ्मा' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युर यांनी १९२८ साली दिलं.

पण विजेने झाड जळतं, मग ट्यूबलाईट हाताला का भाजत नाही? कारण तिच्यातला प्लाझ्मा 'थंड' असतो. त्यातले हलके इलेक्ट्रॉन हजारो अंश तापलेले असतात, पण बाकीचा वायू जवळपास खोलीच्या तापमानालाच राहतो. जंतुनाशक पाणी बनवायला असा थंड प्लाझ्मा वापरतात. त्यामुळे पाणी उकळत नाही, फक्त त्याचं रसायन बदलतं.

पाण्यात नेमकं काय बदलतं?

यासाठी आधी पावसाळ्याकडे बघू. आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण वीज कडाडली की त्या उष्णतेत आणि ऊर्जेत त्यांचे रेणू तुटतात आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. ती पावसाच्या पाण्यात विरघळतात आणि नायट्रेटच्या रूपाने जमिनीत उतरतात. म्हणजे वळवाच्या पावसासोबत आकाशातून थोडंसं खतही पडतं.

माणसाने ही युक्ती फार पूर्वीच उचलली. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ च्या सुमारास हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रिक ॲसिड मिळवून दाखवलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतच नॉर्वेत क्रिस्टियान बिर्केलँड आणि सॅम आयडे या जोडीने याच तत्त्वावर खताचा कारखाना उभा केला. धबधब्यांची स्वस्त वीज, हवा आणि पाणी हाच त्याचा मुख्य आधार होता. पुढे अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत आली आणि वीजखाऊ असल्यामुळे नॉर्वेची पद्धत मागे पडली.

आजचं प्लाझ्मा पाणी त्याच घराण्यातलं आहे. यंत्रात दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टचा दाब दिला जातो. त्या फटीतली हवा प्लाझ्मा बनते. काही यंत्रांत हा प्लाझ्मा पाण्याच्या पृष्ठभागावर पेटवतात, काहींत प्लाझ्मातून आलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात सोडतात, तर काहींत ठिणगी थेट पाण्याच्या आतच पाडतात.

काही मिनिटांत पाण्यात तीन मुख्य गोष्टी घडतात.

पहिली, पाणी आंबट होतं. नायट्रोजनची ऑक्साइड्स विरघळून नायट्रस आणि नायट्रिक ॲसिड तयार होतं. साध्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असतो, तो ३ च्या जवळ येऊ शकतो.

दुसरी, पाण्यात नायट्राइट आणि नायट्रेट साठतात.

तिसरी, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुवायला जे फेसाळणारं औषध वापरायचे, तेच हे. फक्त इथे त्याचं प्रमाण फार कमी असतं.

कुठल्या यंत्रात किती वेळ प्लाझ्मा दिला, हवा कोरडी होती की दमट आणि पाणी कुठलं घेतलं, यावर या तिघांचं प्रमाण ठरतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ॲसिडची ताकद मारून टाकतात, त्यामुळे ते पाणी सहजासहजी आंबट होत नाही. म्हणूनच 'प्लाझ्मा पाणी' हे एका ठरलेल्या औषधाचं नाव नाही. दोन यंत्रांतून निघालेली दोन पाणी अगदी वेगळी असू शकतात.

मग जंतू मरतात कसे?

हे तिन्ही घटक एकेकटे घेतले तर इतक्या कमी प्रमाणात ते फारसे मारक नसतात. खरी गंमत एकत्र आल्यावर होते.

आंबट पाण्यात नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकमेकांशी भिडले की 'पेरॉक्सीनायट्रस ॲसिड' नावाचा पदार्थ तयार होतो. तो अतिशय तापट असतो. सेकंद-दोन सेकंदांत तुटतो आणि तुटताना आणखी आक्रमक कण सोडतो. हे कण जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली चरबी आणि प्रथिनं जाळत सुटतात. आवरणाला भोकं पडली की आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि आत शिरलेले कण त्याच्या डीएनएची मोडतोड करतात. २०१४ साली प्रागच्या प्लाझ्मा फिजिक्स संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्लाझ्मा बंद केल्यानंतरही पाण्यात ही प्रक्रिया चालू राहते, याचे पुरावे मांडले. पेरॉक्सीनायट्रस ॲसिड क्षणभरच टिकतं, पण दोन्ही कच्चे पदार्थ शिल्लक असेपर्यंत ते नव्याने बनत राहतं.

आंबटपणा इथे चावीसारखा काम करतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं होतं की द्रवाचा पीएच सुमारे ४.७ च्या खाली गेला की प्लाझ्माचा जंतूंवरचा परिणाम एकदम वाढतो, त्याच्यावर राहिला तर प्लाझ्मा देऊनही फारसं काही होत नाही.

अशा चौफेर हल्ल्याचा एक फायदा आहे. अँटिबायोटिक औषधं बहुतेकदा जिवाणूच्या एखाद्याच ठरावीक भागावर नेम धरतात, त्यामुळे तो भाग बदलून जिवाणू निसटू शकतो. इथे एकाच वेळी आवरण, प्रथिनं आणि डीएनए या सगळ्यांवर मार बसतो. ब्लीचही असंच काम करतं.

'९९.९ टक्के जंतू मरतात' म्हणजे किती?

हा भाग प्लाझ्मा पाण्यापुरता नाही, तुमच्या घरातल्या प्रत्येक बाटलीला लागू आहे.

एखाद्या जागी १ लाख जिवाणू आहेत. ९९.९ टक्के मेले तर उरले किती? १००. ९९.९९९ टक्के मेले तर उरला १. लेबलवर दोन्ही आकडे 'जवळपास १००' वाटतात, पण उरलेल्यांमध्ये शंभर पटींचा फरक आहे. म्हणून शास्त्रज्ञ टक्क्यांत न बोलता 'लॉग'मध्ये बोलतात. जिवाणू दहापट कमी झाले तर १ लॉग, शंभरपट कमी झाले तर २ लॉग. ९९.९ टक्के म्हणजे ३ लॉग आणि ९९.९९९ टक्के म्हणजे ५ लॉग.

आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. त्यांनी प्लाझ्मा पाणी बनवलं आणि त्यात ई. कोलाय जिवाणू सोडले. पाणी ताजं असताना जिवाणू सुमारे ५ लॉगने घटले, म्हणजे १ लाखातला साधारण एकच उरला. निकाल जबरदस्त होता.

पण त्यांनी तेच पाणी ७ दिवस ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं. सातव्या दिवशी जिवाणू १५ मिनिटं त्या पाण्यात ठेवले तर परिणाम जवळपास शून्य होता. ३ तास ठेवले तेव्हा २.४ लॉगची घट मिळाली, म्हणजे १ लाखातले सुमारे ४०० जिवंत राहिले.

इथेच अडचण सुरू होते

प्लाझ्मा पाणी उघडलेल्या सोड्यासारखं आहे. ताजं आहे तोवर दम, मग हळूहळू पाणीच. आतला नायट्राइट आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवत राहतात. ते संपले की मागे उरतं थोडं आंबट, नायट्रेटवालं पाणी. थंडीत ही प्रक्रिया मंदावते, म्हणून फ्रीजमध्ये किंवा गोठवून ठेवलेलं पाणी जास्त टिकतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र चांगली आहे. ब्लीचसारखा उग्र वास मागे राहत नाही आणि क्लोरीनची संयुगं तयार होत नाहीत. जिथे लागेल तिथे आणि लागेल तेवढंच बनवता येतं, त्यामुळे रसायनांचे कॅन वाहून न्यायची आणि साठवायची गरज उरत नाही. पण मग बाटलीत भरून दुकानात विकायचं म्हटलं तर ते जमत नाही. म्हणजे पाण्याऐवजी यंत्रच विकत घ्यावं लागणार.

नळीत जंतू मारणं वेगळं, ओट्यावर वेगळं

बर्कलीच्या प्रयोगात जिवाणू पाण्यात मोकळे तरंगत होते. खऱ्या आयुष्यात ते तसे नसतात. ते दाराच्या कडीवर वाळलेले असतात, चिकन कापायच्या फळीच्या चिरांमध्ये लपलेले असतात, रक्ताच्या किंवा दुधाच्या डागाखाली सुरक्षित बसलेले असतात. पृष्ठभागाच्या बाबतीत तीन अडथळे मोठे आहेत.

घाण. प्लाझ्मा पाण्यातले आक्रमक कण जंतू आणि घाण यांत भेदभाव करत नाहीत. समोर दुधाची साय, रक्त, तेल आलं की ते त्यावरच खर्च होतात आणि जंतूंपर्यंत पोहोचायला काही उरत नाही. ब्लीचचंही तेच होतं. म्हणून आधी साबणाने धुवायचं आणि मग जंतुनाशक लावायचं, हा जुना नियम इथेही सुटत नाही.

बायोफिल्म. मोरीच्या जाळीखाली हात घातला तर बुळबुळीत थर लागतो. तो नुसता मळ नसतो, ती जिवाणूंची वसाहत असते. जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्यात एकमेकांना धरून राहतात. डेअरीच्या पाईपमध्ये, मांस कापायच्या यंत्रांवर आणि हॉस्पिटलच्या सिंकमध्ये हीच डोकेदुखी असते. मोकळ्या जिवाणूंना मारायला जेवढं जंतुनाशक पुरतं, त्याच्या कितीतरी पट या वसाहतीला लागतं. प्लाझ्मा पाण्याने बायोफिल्ममधले जिवाणू कमी होतात असं प्रयोगांत दिसलंय, पण त्यासाठी ते जास्त वेळ लागतं आणि थर जाड असेल तर घासण्याला पर्याय नाही.

वेळ आणि पृष्ठभाग. फवारलं आणि लगेच पुसलं, असं चालत नाही. पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहायला हवा. शिवाय हे पाणी आंबट असतं, त्यामुळे वारंवार वापरलं तर लोखंडासारख्या धातूंना गंज लागण्याचा धोका असतो. चांगलं स्टेनलेस स्टील आणि काच त्यामानाने तग धरतात.

कोरोनाच्या विषाणूचं काय?

चीनमधल्या शीआन जियाओतोंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्लाझ्मा पाण्याने कोरोनाच्या काट्याचं प्रथिन, म्हणजे स्पाइक प्रोटीन, निकामी होतं असं दाखवलं. मात्र तो प्रयोग कोरोनाचा काटा लावलेल्या नकली विषाणूवर होता. त्याआधी २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत प्लास्टिक, धातू, पुठ्ठा आणि चामड्यावरचा खरा विषाणू ३ मिनिटांच्या आत नष्ट झाल्याचं दिसलं होतं. पण तिथे पाणी नव्हतं, प्लाझ्माचा झोत थेट पृष्ठभागावर मारला होता. बातम्यांमध्ये हे दोन्ही प्रयोग 'प्लाझ्माने कोरोना मरतो' या एकाच ओळीत बसवले गेले, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे काही सुरू आहे का?

हो. गांधीनगरजवळची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च ही अणुऊर्जा विभागाची संस्था मुख्यतः 'आदित्य' या टोकामॅकसाठी, म्हणजे सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवण्याच्या प्रयोगांसाठी ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्लाझ्मा पाण्याचे गुणधर्म आणि जिवाणूंवरचा त्याचा परिणाम यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. मुंबईत माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, अन्नपदार्थांवर थंड प्लाझ्माचा वापर हा संशोधनाचा विषय राहिलाय. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डची लाइबनित्स संस्था भाज्या आणि फळं धुण्यासाठी अशा पाण्याचा अभ्यास करते.

सगळ्यात आधी हे तंत्र रुजण्याची शक्यता अन्नप्रक्रिया उद्योगात दिसते. कारण तिथे यंत्र एका जागी बसवता येतं, पाणी बनल्या बनल्या वापरता येतं आणि तपासायला प्रयोगशाळा हाताशी असते. उरलेल्या पाण्यातलं नायट्रेट झाडांना चालतं, म्हणून शेतीतही बियाणं भिजवण्यासाठी त्याचे प्रयोग होतायत.

मग घरी बनवता येईल?

अजिबात नाही. रील्समध्ये पाण्यावर निळी-जांभळी ठिणगी नाचताना दिसते आणि कमेंटमध्ये लोक सर्किट मागतात. पण तिथे हजारो व्होल्ट आणि पाणी एकाच जागी असतं. एक चूक जिवावर बेतू शकते. शिवाय प्लाझ्मा पेटला की ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू बाहेर पडतात. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. प्रयोगशाळेत ते ओढून घेण्याची सोय असते, स्वयंपाकघरात नसते.

हे पाणी पिण्याचं तर मुळीच नाही. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. प्लाझ्मा पाण्यात ते याच्या कितीतरी वर असू शकतं.

आणि ते ब्लीचमध्ये मिसळू नये. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतू नका असं सांगतात ते याचसाठी.

कुणी यंत्र विकायला आलं तर काय विचाराल?

उद्या सोसायटीत, शाळेत किंवा दवाखान्यात 'केमिकल-फ्री प्लाझ्मा सॅनिटायझर' घेऊन कुणी आलं तर चार प्रश्न पुरेसे आहेत. चाचणी कुठल्या जंतूवर केली? पाण्यात की खऱ्या पृष्ठभागावर? किती मिनिटं ओलं ठेवून? आणि पाणी बनवल्यानंतर किती तासांनी?

या चार उत्तरांशिवाय '९९.९ टक्के' या आकड्याला अर्थ नाही. 'केमिकल-फ्री' हा शब्दही फसवा आहे. जंतू मारतं ते पाण्यात तयार झालेलं रसायनच, फक्त ते कारखान्याऐवजी तुमच्यासमोर बनतं. अमेरिकेत पृष्ठभागाच्या जंतुनाशक रसायनाची ईपीए या सरकारी संस्थेकडे नोंदणी करताना पुरावे द्यावे लागतात, पण 'उपकरण' म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राला तशी नोंदणी लागत नाही. म्हणून यंत्राच्या बाबतीत ग्राहकानेच जास्त सावध राहायला हवं.

तोपर्यंत आपल्याकडचे जुने पर्याय भक्कम आहेत. साबण आणि पाणी, ७० टक्के अल्कोहोल, सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलेलं ब्लीच. गावातल्या विहिरीत ग्रामपंचायत टाकते ती टीसीएल पावडरही त्याच क्लोरीनच्या कुटुंबातली. स्वस्त आहेत, वर्षानुवर्षं तपासलेले आहेत आणि त्यांचे तोटेही माहीत आहेत.

प्लाझ्मा पाणी अजून त्या रांगेत आलेलं नाही. पण ते आलं तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा लेबल वाचणाऱ्या ग्राहकाला नसेल. रोज बादली आणि पोछा घेऊन वॉर्ड पुसणाऱ्या माणसाला एक दिवस घसा न धरता काम करता आलं, तर या सगळ्या ठिणग्या सार्थकी लागल्या म्हणायच्या. तोवर त्या हातांना रबरी ग्लोव्ह्ज मिळतात का आणि पुसताना खिडकी उघडी असते का, एवढं तरी आपण आजच बघू शकतो.